गच्चीवरच्या शेतीचा जमाखर्च: बारा तरुण, सोळा वाफे, सहा महिने

कॉलेजात जाणाऱ्या बारा मुलामुलींनी सोसायटीच्या गच्चीवर सहा महिने भाजी पिकवायची, ती विकायची आणि त्यातून धंदा शिकायचा, असं ठरवलं तर पहिल्या हंगामाला साधारण एक लाख वीस हजार रुपये लागतात. विक्री नीट जमली तर माल तयार करण्याचा खर्च वजा जाता त्यातले अठ्ठेचाळीस हजार परत येतात. वाफे, ठिबक, जाळी ही सामग्री तीन वर्षं टिकते. ती किंमत तीन हंगामांवर वाटून टाकली की एका मुलामागे हंगामाचा खरा खर्च साडेतेहतीसशे रुपयांच्या आसपास बसतो. एखाद्या क्लासची महिन्याची फी याहून जास्त असते.

हे आकडे पुण्यातल्या ढोबळ दरांचे आहेत. मुंबई-ठाण्यात हमाली आणि पाणी चढं धरा. शहराच्या वेशीलगत राहत असाल तर शेणखत स्वस्त पडेल. प्रत्येक वस्तूचे निदान दोन ठिकाणचे भाव काढा आणि ते काम मुलांनाच करू द्या. घासाघीस हा या शिक्षणाचा पहिला तास आहे.

कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ आपल्याला ठाऊक आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथेही हाताने काम करत शिकायचं आणि ते काम गावाच्या उपयोगी पडायचं, हाच धडा होता. शहरातलं उदाहरण हवं तर लॉस एंजेलिसचं घ्या. १९९२च्या दंगलीनंतर तिथल्या क्रेनशॉ हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी शाळेमागच्या पडीक जागेत भाजी लावली आणि ‘फूड फ्रॉम द हूड’ नावाने विकायला काढली. भाजीवर फारसं सुटेना, तेव्हा त्यांनी स्वतःचं सॅलड ड्रेसिंग बाजारात आणलं आणि नफ्यातून पुढच्या शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या दिल्या. नुसत्या पाल्याच्या जुडीवर पोट भरत नाही, हे त्यांना जे कळलं ते आपल्या गच्चीवरही पहिल्या दोन महिन्यांतच कळतं.

आधी वजन, मग बियाणं

लोक सुरुवात बियाण्यांच्या पाकिटांपासून करतात. सुरुवात स्ट्रक्चरल इंजिनिअरपासून करायची. ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग २) धरलेला भार चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलो आहे. शेतातली ओली माती नऊ इंच पसरली तर तेवढ्याच जागेवर साडेतीनशे ते चारशे किलो वजन येतं. म्हणजे मातीचा ट्रक मागवून गच्चीवर ओतणं हा सरळ धोका आहे. कोकोपीट, कंपोस्ट आणि वाळका पाला यांचं हलकं मिश्रण सात-आठ इंच भरलं तर भिजल्यावरही भार मर्यादेच्या आसपास राहतो, पण ‘आसपास’वर इमारत सोडता येत नाही. वाफे तुळईवर आणि कठड्यालगत कुठे ठेवायचे, मधली जागा किती मोकळी सोडायची, हे इंजिनिअरने नकाशावर खुणा करून द्यायला हवं. भेट आणि लेखी पत्र यांचे पाच ते पंधरा हजार होतात. मी आठ धरले आहेत. इमारत तीस वर्षं ओलांडलेली असेल आणि ऑडिट झालेलं नसेल तर त्या गच्चीचा विचार सोडा.

गळतीचंही तसंच. गच्ची आधीच झिरपत असेल तर वॉटरप्रूफिंगला चौरस फुटाला चाळीस ते शंभर रुपये लागतात. हजार फुटांना चाळीस हजार ते लाख. हा खर्च शेतीच्या खात्यावर टाकू नका, तो सोसायटीचा आहे. सोसायटी तयार नसेल तर जमिनीवरची जागा शोधा. आणि गच्ची चांगली असली तरी वाफे थेट फरशीवर ठेवू नयेत. खाली विटा लावून दोन-तीन इंच फट ठेवली की पाणी वाहून जातं, झाडता येतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकांची तक्रार येत नाही.

जमिनीवरच्या मोकळ्या जागेत इंजिनिअर आणि वाफ्यांच्या पिशव्या वाचतात, पण शहरातला प्लॉट खणला की राडारोडा निघतो. तो उचलायला टेम्पो, वर कुंपण. हिशेब जवळपास तिथेच येतो. माती परीक्षण काहीशे रुपयांत होतं, ते जरूर करा. मात्र नेहमीच्या अहवालात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुख्य अन्नद्रव्यं कळतात, शिसं किंवा इतर जड धातू नाही. जागेवर पूर्वी गॅरेज, भंगाराचं दुकान किंवा कारखाना असेल तर धातूंची वेगळी तपासणी मागा. तोवर तिथली पालेभाजी कुणाला विकू नका.

एकदाच करायचा खर्च

सहा फूट बाय तीन फुटांचा, जाड एचडीपीई कापडाचा तयार वाफा सहाशेच्या घरात मिळतो. असे सोळा घेतले तर नऊ हजार सहाशे, आणि लागवडीची जागा मिळते २८८ चौरस फूट. हजार फुटांच्या गच्चीवर याहून जास्त लावायचा मोह होईल, पण चालायला, बसायला आणि जुड्या बांधायला जागा लागतेच.

भरण्याच्या मिश्रणाला बारा हजार धरले आहेत. त्यात कोकोपीटच्या विटा साडेपाच हजारांच्या, विकतचं कंपोस्ट साडेतीन हजारांचं आणि हमाली तीन हजार. हमाली हा शब्द कोटेशनमध्ये कधीच नसतो आणि सातव्या मजल्यावर पोती चढवताना मात्र तो नक्की आठवतो. बाकीचं कंपोस्ट सोसायटीच्या ओल्या कचऱ्यातून घ्या. पाला तर फुकट आहे, झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं की पोती भरून मिळतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावरच बाग उभी केली. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून पाल्यापाचोळ्याची सकस माती करण्याचं जे शास्त्र घरोघरी नेलं, ते अशा गच्च्यांना नेमकं लागू पडतं. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प असलेल्या मिळकतींना करात सवलत देते. तुमच्या सोसायटीला ती मिळते का, हे शोधून काढायला एका मुलाला बसवा.

ठिबकचा संच टायमरसह सहा हजार. खुरपी, घमेली, झाऱ्या, क्रेट, काटा मिळून सहा हजार. हिरवी जाळी आणि बांबूचा सांगाडा आणखी सहा. इंजिनिअर धरून सगळी बेरीज ४७,६०० रुपये.

यात हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीविना पाण्यावरची शेती, नाही, आणि पहिल्या वर्षी नसावंच असं माझं ठाम मत आहे. पांढऱ्या पाइपांची ती रचना दिसते देखणी, पण पंप बंद पडला आणि रविवारी कुणी वर गेलं नाही तर सगळं पीक झोपतं. वाफ्यातलं मिश्रण ओलावा धरून ठेवतं, चुकीला एक दिवसाची मुदत देतं. शिकाऊ मंडळींना ती मुदत हवी. पाच आकडी फी घेऊन दोन दिवसांत ‘अर्बन फार्मिंग’चं प्रमाणपत्र देणारेही टाळा. कृषी विज्ञान केंद्रं आणि कृषी महाविद्यालयं प्रशिक्षणं घेतात, आधी तिथे चौकशी करा.

दर महिन्याचा खर्च

बियाणं हंगामाला दोन हजारांत भागतं. मेथी आणि धने किराण्यातले चालतात, धने रगडून दोन फाका करून पेरायचे. पालक, लाल माठ, मुळा यांचं बी चांगल्या दुकानातून घ्या. कडुनिंबाचं तेल आणि जीवामृताचं साहित्य दीड हजार. वीस लिटर जीवामृताला किलोभर शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि मूठभर चांगली माती पुरते.

पाण्याची भीती वाटते त्यापेक्षा खर्च कमी आहे. हिवाळ्यात चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर धरलं तर सोळा वाफ्यांना रोज एकशे पस्तीस लिटर, सहा महिन्यांत पंचवीस हजारांच्या आत. टँकरचं पाणी विकत घेतलं तरी धुण्यापुसण्यासकट पाच हजारांत बसतं. खरी अडचण मार्च संपताना येते. सोसायटीत पाणीकपात सुरू झाली की गच्चीवरचा ठिबक सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. म्हणून हंगाम ऑक्टोबर ते मार्च एवढाच ठेवा आणि ते सुरुवातीलाच लेखी सांगा. पावसाळ्यात पालेभाजी झोडपली जाते, मे महिन्यात करपते. दोन्ही काळात नवख्यांना नाउमेद करण्यापलीकडे काही हाती येत नाही.

आठवड्यातून एकदा येणारा जाणकार शेतकरी किंवा माळी, भेटीचे हजार रुपये, चोवीस भेटी: चोवीस हजार. पिशव्या, रबर, छपाई, किरकोळ मिळून चार.

आणि मुलांचं मानधन. दरमहा पाचशे, बारा जण, सहा महिने: छत्तीस हजार. सगळ्यात मोठी रक्कम हीच आहे आणि सगळ्यात आधी कात्री लागते तीही यालाच. ‘शिकतायत, वर पैसे कशाला?’ असं समितीत कुणीतरी म्हणतंच. मी म्हणेन, द्या. घरची ओढाताण असलेला मुलगा फुकटच्या उपक्रमाला दुसऱ्या आठवड्यापासून येईनासा होतो, कारण त्याला रविवारी कुठेतरी डिलिव्हरीचं काम मिळतं. मग उरतात ती ज्यांना गरज नव्हती तीच मुलं. शिवाय ज्या धंद्यात मजुरीच धरलेली नाही त्याचा नफा खोटा असतो, आणि खोटा नफा मांडायला शिकवणं हे शिक्षण नव्हे. मुलं अठरा पूर्ण केलेली असावीत. अकरावी-बारावीची घेतली तर पालकांचं लेखी संमतिपत्र हवंच, आणि चौदाच्या आतल्यांना मानधनाचं काम देणं कायद्यात बसत नाही. त्यांनी पाहुणे म्हणून यावं.

चालू खर्च एकूण ७२,५०० रुपये.

मेथीच्या एका वाफ्याची वही

एका वाफ्याचा हिशेब तपशिलात मांडून दाखवतो, कारण असाच हिशेब प्रत्येक मुलाने प्रत्येक वाफ्याचा ठेवायचा आहे. दहा रुपयांची मेथी. पेरणीआधी दोन किलो कंपोस्ट, चोवीस रुपयांचं. तीस दिवस रोज आठ लिटर पाणी, टँकरच्या भावाने छत्तीस रुपये. रबर आणि कागद पाच. झाले पंच्याहत्तर. महिन्याभरात वाफ्यातून नऊ जुड्या निघतात. बावीसला एक विकली तर १९८ रुपये. हातात उरले १२३. पेरणी, विरळणी, उपटणं, निवडणं, जुड्या बांधणं, घरोघरी पोचवणं यात पाच तास गेले. तासाला पंचवीस रुपयेही नाहीत. दोन जुड्या उरल्या आणि सुकल्या तर तासाला सोळासुद्धा पडत नाहीत.

हे गणित मुलांनी स्वतः मांडलं की दोन गोष्टी होतात. मंडईत पंधराला जुडी मागताना जीभ अडखळते. आणि मग प्रश्न येतो: यातून पैसे निघणार कुठून? धंद्याचं शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू होतं. म्हणून पहिले दोन महिने मुलांना फक्त पालेभाजी लावू द्या, उत्तर आधी सांगू नका.

सोळा वाफ्यांत सहा महिन्यांत चार वेळा पीक घेतलं तर साडेपाचशेच्या आसपास जुड्या होतात, त्यांचे बारा हजार शंभर रुपये. मानधनाचा एक तृतीयांश भाग. बाकीची कमाई पुढच्या मालातून येते. मुळा, मोहरी, मेथी यांचे मायक्रोग्रीन्स, म्हणजे खायची कोवळी रोपं, सात ते दहा दिवसांत तयार होतात. पन्नास ग्रॅमची डबी साठ रुपयांना, आठवड्याला पंचवीस, असे वीस आठवडे विकले तर तीस हजार, त्यात खर्च दहा हजार. मिरची, टोमॅटो, वांगी, तुळस यांची रोपं छोट्या पिशवीत वीस रुपयांना जातात. चारशे रोपांचे आठ हजार, खर्च दोन. शाळकरी मुलांसाठी शनिवारची दोन तासांची कार्यशाळा, तीनशे रुपये फी, पंधरा मुलं, हंगामात तीनदा: साडेतेरा हजार, खर्च साडेतीनच्या आसपास. एकूण विक्री त्रेसष्ट हजार सहाशे, माल-साहित्य पंधरा हजार सहाशे, उरले अठ्ठेचाळीस. चालू खर्चात तूट साडेचोवीस हजारांची.

मायक्रोग्रीन्सचा आकडा सगळ्यात नाजूक आहे. पंचवीस डब्या पिकवणं सोपं, दर आठवड्याला पंचवीस गिऱ्हाइकं टिकवणं अवघड. म्हणून आधी नोंदणी, मग पेरणी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मागणी घ्यायची, रविवारी सकाळी नऊच्या आत माल दारात. शक्य असेल तर पंधरा कुटुंबांकडून महिन्याचे पैसे आगाऊ घ्या. खेळतं भांडवल तिथेच उभं राहतं. उधारी द्यायची नाही, ओळखीत तर मुळीच नाही. काकूंकडे पैसे मागायचा संकोच घालवणं हा अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड धडा आहे, आणि तो गच्चीवर शिकवता येत नाही, दारात उभं राहूनच येतो.

कागदपत्रं

स्वतः पिकवलेली ताजी भाजी विकायला फार अडथळे नाहीत. महाराष्ट्राने २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, आणि ताज्या भाजीवर जीएसटी नाही. चटणी, लोणचं, ड्रेसिंग करायला घेतलं की मात्र अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी लागते. लहान व्यावसायिकांची नोंदणी फी वर्षाला शंभर रुपये अशी नाममात्र आहे आणि अर्ज फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर स्वतः भरता येतो. त्यासाठी दोन-तीन हजार मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. चालू फी आणि उलाढालीची मर्यादा तिथेच पाहून घ्या. वजनावर विकणार असाल तर काट्यावर वैधमापन खात्याची मुद्रा हवी, जुडीवर विकलं तर तो प्रश्न येत नाही. जास्तीचं कंपोस्ट सभासदांत वाटा. पोत्यावर नाव छापून ते बाजारात विकायला खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. आणि प्रमाणपत्र नसताना ‘सेंद्रिय’चा शिक्का मारू नका. काय फवारलं आणि कधी, हे चिठ्ठीवर लिहा. गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं.

तयार संच विकणाऱ्याकडून कोटेशन घेताना चार गोष्टी लेखी मागा: भिजलेल्या वाफ्याचं वजन किती, दरात जीएसटी आणि वर चढवण्याची हमाली धरली आहे का, गळती झाली तर जबाबदारी कुणाची, आणि कापड फाटल्यास किती वर्षांत बदलून देणार. वजनाचा आकडा जो देत नाही त्याला परत पाठवा.

सुरुवातीला हातात सत्तर-पंच्याहत्तर हजार असले की पुरतं, कारण मानधन आणि मार्गदर्शकाचे पैसे महिन्यागणिक जातात. तुटीचे साडेचोवीस हजार कुणी भरायचे, हे मात्र आधी ठरलं पाहिजे. साठ घरांच्या सोसायटीत ते घरटी चारशे दहा रुपये होतात, तेही सहा महिन्यांचे मिळून. रोटरीसारखी संस्था किंवा जवळची कंपनी देत असेल तर उत्तम, पण मग हिशेबाची वही त्यांना दर महिन्याला दाखवायची आणि ती मुलांनीच दाखवायची.

गच्ची सामाईक असते, त्यामुळे समितीच्या तोंडी होकारावर वाफे चढवू नका. सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. ऑक्टोबरात पेरायचं असेल तर इंजिनिअरचं पत्र आणि हा जमाखर्च जोडून तुमचा अर्ज ऑगस्ट संपायच्या आत सचिवांच्या हातात द्या आणि पोच घ्या.